शनिवारचा नियम

"शनिवारीसुद्धा उघडं ठेवणार? मग किल्ली मिळायची नाही," म्हणत हनोककाकांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

गावातल्या जुन्या सिनेगॉगला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला, म्हणून ते पाडायचं टळलं होतं. दहा माणसं जमल्याशिवाय तिथं प्रार्थना सुरू होत नसे, त्यामुळे काका दर शनिवारी दारात बसून डोकी मोजायचे. पण एकेक यहुदी कुटुंब गाव सोडून गेलं आणि मागे उरले एकटे काका. आता तिथं वाचनालय होणार, याचा त्यांना आनंदच होता. पण शनिवार म्हणजे त्यांच्या धर्मातला विसाव्याचा दिवस.

"अहो काका, पोरांना शनिवारीच तर सवड मिळते," ग्रंथपाल मृदुला काकुळतीला आली.

काका दाढी कुरवाळत राहिले. "आमच्यात शनिवारी लिहीत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "वाचायला मात्र मनाई नाही. पेन्सिली बाहेर ठेवायच्या. कबूल?"

पहिल्या शनिवारी तीनच मुलं आली. त्यातल्या एकीची आई गृहपाठाची वही घेऊन मागोमाग आली, तर काकांनी तिला दारातच अडवलं. "आज इथं लिहायला बंदी आहे, ताई. वारसा आहे हा, जपायला नको?"

ही बातमी शाळेत पोचायला कितीसा वेळ लागतो! पुढच्या शनिवारी पोरांची झुंबड उडाली. काका दारात खुर्ची टाकून जुन्या सवयीनं डोकी मोजू लागले. दहावं डोकं आत गेलं तसे ते थांबले. पोरं अजून येतच होती, पण दहाच्या पुढं मोजायची त्यांना सवयच नव्हती.