दहा आठवडे वजा

लेक दहा आठवडे आधीच जन्मली, तेव्हापासून आईचं उत्तर ठरलेलं होतं. शेजारीण विचारायची, “मान धरली का?” “वयातून दहा आठवडे वजा करा,” आई म्हणायची. नणंद म्हणायची, “अजून बसत नाही?” “वजा करा, वन्सं.” परवा लेक दोन वर्षांची झाली. आज व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिला चटईवर बसवलं आणि पाठीमागची, घरून आणलेली उशी काढली. लेक हात टेकून क्षणभर तगली, मग एका अंगाला कलंडली. “दहा आठवडे वजा करा ना,” आई घाईघाईने म्हणाली. बाईंनी लेकीला सावरलं. “दोन वर्षांनंतर वजा करत नाहीत हो.” परतताना बसमध्ये आईने उशी लेकीच्या पाठीशी दाबून धरली. शेजारच्या म्हातारीने विचारलं, “केवढी गं?” “सहा महिन्यांची,” आई म्हणाली. लेक खुदकन हसली. म्हातारी तिच्या तोंडभर दातांकडे बघतच राहिली.