दहापैकी दहा

वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात मावशी बावीस वर्षं रोजंदारीवर जुन्या हत्यारांना तेल लावत होती. नवी पेटी उघडली की विभागप्रमुख सर वही घेऊन खाली यायचे.

"मावशी, ही तलवार कुठली हो?"

"ब्रह्मदेशातली. मुठीपुढं आडवी पट्टी नाही, दिसतंय की! आणि तो भाला म्हणून काय मिरवताय सर? तुटक्या तलवारीला कुणीतरी दांडा ठोकलाय."

"तोंड फार चालतं तुमचं," असं म्हणत सर सगळं लिहून घ्यायचे. त्या वह्यांचं जाडजूड पुस्तक झालं. सरांना पुरस्कार मिळाला आणि मावशीला तेलाचा नवा डबा.

यंदा हत्यारं ओळखणाऱ्या सहायकाची कायम नोकरी निघाली. डिग्रीची अट नव्हती, म्हणून मावशीने अर्ज ठोकला. मुलाखतीत टेबलावर दहा हत्यारं मांडली होती. तिने दहाही धडाधड ओळखली, कारणांसकट. समोर बसलेल्या तिघांत सर मधल्या खुर्चीवर होते.

आठवड्याने नकाराचं पत्र आलं. खाली सरांच्या सहीचा शेरा होता.



"उमेदवाराने माझं पुस्तक घोकलं आहे. स्वतःचा अभ्यास शून्य."