टोपीखालची फट

नियम बदलले आणि हौशी वैमानिकांची ढगातून विमान नेण्याची परीक्षा चक्क निरभ्र आकाशात होऊ लागली. घोड्यासारखी झापडं असलेली टोपी घालायची आणि बाहेर न बघता नुसते समोरच्या यंत्रांचे काटे बघून उडवायचं. असेच एक हौशी वैमानिक, दातांचे डॉक्टर, टोपीखालच्या फटीतून हळूच जमीन बघत राहिले आणि पहिल्याच फटक्यात पास झाले.

आज खऱ्या ढगात शिरल्यावर मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. इथे फट कुठेच नव्हती. काटा म्हणत होता विमान कलतंय, अंग म्हणत होतं सरळ आहे. नशीब, शेजारी त्यांचे परीक्षकच बसले होते, नव्या नियमाच्या पहिल्या तुकडीत पहिले आलेले.

“सर, पाया पडतो, तुम्ही घ्या!”

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.



“डॉक्टर… टोपीखालून मीही बघितलं होतं.”