इंधनाचा खटका

डावं इंजिन बंद पडलं, चालू झालं, पुन्हा बंद पडलं, आणि निवृत्त वैमानिक असलेले सासरे बैठकीच्या खोलीत तिसऱ्यांदा कोसळले. एकतीस वर्षं लोकांना सुखरूप पोचवलंत आणि आता घरात बसून विमानं पाडताय, असं सासूबाई वर्तमानपत्रातून मानही वर न करता म्हणाल्या.

सासऱ्यांनी डोळ्यांवरचा डबड्याएवढा चष्मा काढला. मुलाने तो निवृत्तीची भेट म्हणून आणला होता. चढवला की समोर अख्खं कॉकपिट उभं राहायचं. हात पुढे करून हवेतल्या बटणाला बोट लावलं, की बटण दाबलं जायचं. बाकी सगळं त्यांना झकास जमायचं. पण इंजिनाला आग लागल्याचा सराव आला, की ते इंजिन बंद करायच्या इंधनाच्या खटक्यापाशी घोडं अडायचं. बोट लावलं रे लावलं की खटका खाली-वर, खाली-वर होत राहायचा.

मुलाने निदान करून टाकलं, बाबांचा हात थरथरतो. तेव्हापासून त्यांच्यापुढे चहाचा कप अर्धाच भरून येऊ लागला. गेल्या रविवारी मुलाने गाडीची किल्लीही स्वतःच्या खिशात टाकली. आरशासमोर हात लांब करून स्वतःच्या बोटांकडे बघत उभे असलेले सासरे सुनेला दोनदा दिसले, आणि तिला फार वाईट वाटलं. काल तर त्यांनी चष्म्याचं खोकं माळ्यावर टाकायला काढलं होतं.

सून श्रवणयंत्रं दुरुस्त करायची. तांदळाच्या कणीएवढे भाग चिमट्यात धरणं हे तिचं रोजचं काम. तिने तीन दुपारी खर्ची घालून एक अंगठी बनवली. ती तर्जनीत घालायची. तिच्या कडेला इवलंसं बटण होतं. बोटाने खटका नुसता दाखवायचा, अंगठ्याने बटण दाबलं तरच तो हलणार. म्हणजे हात कितीही थरथरला तरी बिघडायला नको. हे शेवटचं तिने सासऱ्यांना सांगितलं नाही.

सासऱ्यांनी अंगठी घातली आणि विमान पुन्हा उडालं. डाव्या इंजिनाला आग लागली. सासऱ्यांनी खटक्यावर बोट ठेवलं, "डावं इंजिन" असं पुटपुटले आणि थांबले. चष्म्यातलं सगळं दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर शेजारी उभ्या सुनेला ज्वाळा वाढताना दिसत होत्या. खटका जागचा हलेना. आपलं बटण दगा देतंय की काय, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला.

"बाबा, अंगठ्याने दाबा ना."

"तू हो म्हटल्याशिवाय कसं दाबू?"

तिला काही कळेना. मग त्यांनी मान न वळवता समजावलं. घाईत भलतंच इंजिन बंद केलं तर सगळ्यांचेच प्राण जातात. म्हणून एकाने खटक्यावर बोट ठेवून इंजिनाचं नाव घ्यायचं, आणि शेजारच्याने खात्री करून हो म्हणेपर्यंत बोट तसंच ठेवायचं. हा खटका त्यांनी जन्मात कधी एकट्याने हलवला नव्हता. शेजारची खुर्ची रिकामी असली तरी बोट आपलं सवयीने थांबत होतं, आणि चष्म्यातलं यंत्र ते थांबणं म्हणजे पुन्हा पुन्हा दाबणं समजत होतं. आपण थांबतो, हे त्यांच्याही लक्षात आलं ते आता, अंगठी घातल्यावर.

सुनेने त्यांच्या हाताकडे पाहिलं. इतका वेळ हवेत, कशाचाही आधार नसताना धरलेलं ते बोट केसभरही हलत नव्हतं. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिने पडद्यावर नजर टाकली. इंजिन डावंच होतं.

"जरा थांबा हं, बाबा," ती म्हणाली. तिने आतल्या खोलीतून नवऱ्याला हाक मारून आणलं, सासऱ्यांच्या हाताशी उभं केलं, आणि तो ते बोट डोळे भरून पाहीपर्यंत काही केल्या हो म्हटलं नाही.