मोठ्या आचेवर

“अहो, अजून पातळ कापा. एवढे जाड तुकडे शिजेपर्यंत पाहुणा म्हातारा होईल,” आई म्हणाली.

“आधी येऊ तर दे त्याला,” बाबा म्हणाले. पण सुरी तिरकी धरून त्यांनी कोंबडीचे काप आणखी बारीक केले.

बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर हातांना काही चाळा हवा म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले आणि तिथलेच झाले. आजचा पदार्थ ते मोबाइलवर बघून शिकले होते. कोंबडी, आलं, लसूण, सोया सॉस, भरपूर भाज्या आणि तेल अगदी नावाला. हे सगळं चिमणीसाठी. चिमणी तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. दिवसभर पाण्यात राहून घरी आली की जड जेवण तिला नको व्हायचं. जेमतेम दोन घास खाते म्हणून बाबांनीच तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली, आणि मग शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले.

आज चिमणी एका माणसाला जेवायला घेऊन येणार होती. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. मध्यंतरी तिच्या बोलण्यात तो चष्मेवाला वरचेवर यायचा. मग एकदम यायचा थांबला, आणि आईने काय ते ओळखलं. “घरी आण बाई त्याला,” असं तिनेच सांगितलं. चिमणी नको नको म्हणाली आणि खोलीत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

“मी त्याला सगळं सरळ विचारणार,” कोंबडीला कॉर्नफ्लॉवर चोळत बाबा म्हणाले.

“विचारा. पण तुम्ही लिफ्ट तपासायला निघाला नाहीयेत, एवढं लक्षात ठेवा.”

“लिफ्टचं बरं असतं गं. माणूस अडकला तर दार उघडून बाहेर काढता येतो.”

आई कांद्याची पात चिरत होती. तिने मनगटाने डोळे पुसले. पातीने डोळ्यांना एवढं पाणी येत नाही, हे बाबांना ठाऊक होतं.

बेल वाजली. दारात एक उंच, विरळ केसांचा माणूस फळांची पिशवी छातीशी धरून उभा होता. त्याच्या मागे चिमणी. तिचे केस अजून ओलेच होते आणि चेहरा निकालाच्या दिवशी असतो तसा झाला होता.

“इकडे आतच या,” बाबा स्वयंपाकघरातून ओरडले. “हे जेवण कुणासाठी थांबत नाही!”

गॅस मोठा होता. कढईतून धूर निघू लागल्यावर बाबांनी आलं-लसूण टाकलं आणि मागोमाग कोंबडी. चर्रकन आवाज झाला. पाहुण्याच्या चष्म्यावर वाफ धरली आणि तो आंधळ्यासारखा जागच्या जागी उभा राहिला.

“चष्मेवाल्याचीच ही गत!” आई म्हणाली.

“ही ताटली धरा,” बाबांनी सिमला मिरची आणि गाजर त्याच्या हातात दिलं. “सांगितलं की टाका. सगळं एकदम नको, कढईत गर्दी झाली की पाणी सुटतं. दारू पिता?”

“नाही.”

“टाका आता. राग येतो?”

“येतो. पण मी गप्प बसतो. हिला ते आवडत नाही, म्हणून आता बोलायला शिकतोय.”

“आणि पोहायला?”

“तेही हीच शिकवतेय. अजून कठडा सुटत नाही हातातून.”

“तलावातली लहान मुलं यांना धीर देतात, ‘काका, घाबरू नका!’” चिमणी त्या मुलांचा आवाज काढून म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी खो खो हसत सुटली. बाबांचा झारा हवेतच थांबला.

“अहो, गाजर करपेल,” आई हळूच म्हणाली.

बाबांनी घाईघाईने सोया सॉस ओतला, वरून पात भुरभुरली आणि गॅस बंद केला.

टेबलाच्या चौथ्या खुर्चीवर नेहमी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असायचा. आईने तो सकाळीच उचलून ठेवला होता. पाहुणा तिथे बसला. मोकळ्या भाताबरोबर कोंबडी छान लागत होती, भाज्या दाताखाली कुरकुरत होत्या. चिमणीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

बाबांनी शेवटी मनातलं विचारलं. “लग्न झाल्यावर हिचं इथे येणं-जाणं राहील ना?”

“मी मागच्याच गल्लीत घर बघतोय. हिची तशी अटच आहे.”

“असली अट घालू नये गं पोरी,” आई म्हणाली. “आमचं काय, आम्ही राहू की.”

“ती एवढी एक घालूच दे, आई,” चिमणी म्हणाली आणि ताटातच बघत राहिली.

जेवणं झाल्यावर चिमणी त्याला सोडायला खाली गेली. आई-बाबा खिडकीत उभे राहिले. समोरच्या रस्त्याने दोघं सावकाश चालली होती, कोपरा लवकर येऊ नये अशी.

“लावा फोन,” आई म्हणाली.

“आत्ताच?”

“मग केव्हा? तिकडे त्या दोघांचा जीव टांगणीला लागला असेल.”

बाबांनी फोन लावला. पलीकडून पहिल्याच घंटेला कुणीतरी उचलला.

“नमस्कार, व्याहीबुवा. मुलगा आम्हाला पसंत आहे. आमचा लेक गेला तेव्हा तुम्ही हिला परत न्यायला आला होतात, आणि आम्हाला सोडून ती आली नाही. आता तिची पाठवणी आम्ही करतो.”