वाईट नाही

बावीस वर्षं टीव्हीसाठी खुनाखुनीच्या मालिका काढून झाल्यावर सिसेलनं पहिला सिनेमा केला. कोपनहेगनच्या संकलनखोलीत निर्मात्याला त्यातला नेमका तिचा लाडका प्रसंग खुपला: म्हातारा कोळी तीन मिनिटं अवाक्षर न काढता बटाटे सोलतो. “लोक झोपतील गं. काप.” “नाही कापणार.” पश्चिम किनाऱ्यावरून आलेले तिचे वडील मागे टोपी मांडीवर ठेवून बसले होते. जन्म मासेमारीत गेलेला, तिच्या प्रत्येक मालिकेवर त्यांचं एकच मत: “वेळेवर संपली.” निर्मात्यानं त्यांनाच गाठलं. “तुम्ही सांगा, कसा वाटला?” वडील पडद्याकडे बघत राहिले. “वाईट नाही.” निर्माता खुलला. “ऐकलंस? तुझ्या बाबांनाही नाही पटला.” सिसेलनं डोळे पुसले, आवाज मात्र खणखणीत. “आमच्या गावात नवरीलासुद्धा एवढं कुणी नावाजत नाही. प्रसंग राहणार.” मागून वडील म्हणाले, “अजून दोन बटाटे चालले असते.”