अंधारातली फुगडी

"बाबा, तो ग्रह नाही," उज्वला म्हणाली. खांद्यावरची बॅगही तिने अजून खाली ठेवली नव्हती.

सुदर्शन गुरुजींनी आधी खिडकी लोटून घेतली. अंगणात पंचमीची फुगडी रंगली होती. निलंग्याच्या, कंधारच्या मुली डॉक्टर व्हायचं म्हणून लातुरात क्लासला आलेल्या, गुरुजींच्याच घरी राहणाऱ्या. पुस्तकं मिटून गरगर फिरत होत्या. आणि पायरीवर बसून त्यांना टाळ्यांचा ठेका देत होत्या सिंधुताई.

भूकंपानंतर दर पंचमीला सिंधुताईंनी अंगणाकडे पाठच केली होती. त्यांची धाकटी लेक देविका गावातल्या घराच्या दगडमातीखाली राहिली. फुगडीत थोरल्या उज्वलाचे हात धरायची ती तीच.

मग गेल्या साली पेपरात आलं, की लातूरच्या लेकीने दूरच्या एका चांदणीभोवती ग्रह शोधला. क्लासवाल्यांनी चौकात उज्वलाचा हा मोठा फोटो लावला. न दिसणारा ग्रह सापडतो कसा, असं मुलांनी विचारलं, तेव्हा ओसरीवरच्या शिकवणीत गुरुजींनी फुगडीच मांडली होती. अंधारात दोघी फुगडी खेळताहेत. एकीचा परकर पांढरा, दुसरी काळ्या कपड्यांत. काळी दिसत नाही. पण पांढरी मागे रेलून फिरते आणि पडत नाही, त्या अर्थी कुणीतरी तिचे हात धरलेत. मुलं खूश झाली.

त्या दिवशी जेवण वाढताना सिंधुताईंनी विचारलं, "कुणी धरलेत?"

"समज, आपल्या देविकानं," गुरुजी बोलून गेले.

तेव्हापासून सिंधुताई दिवेलागणीला गच्चीवर जाऊन, गुरुजींनी दाखवलेल्या आभाळाच्या कोपऱ्याकडे बघून येत. ती चांदणी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पोटभर जेवू लागल्या होत्या. मुलींची थट्टा करू लागल्या होत्या.

"पुन्हा मोजून बघ," गुरुजी म्हणाले.

मोजून मोजूनच हे कळलं, असं उज्वलाने सांगितलं. सूर्यावर असतात तसे डाग त्या चांदणीवर होते, फक्त फार मोठे. चांदणी स्वतःभोवती फिरते, तेव्हा तिची एक कड आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते. येणाऱ्या कडेवर डाग आला की तिकडचा उजेड कमी पडतो आणि यंत्राला वाटतं, अख्खी चांदणीच मागे झुकली. डाग पलीकडे गेला की उलटं.

"ग्रहाचं वर्ष म्हणून आम्ही जे धरलं, ती तिची स्वतःची गिरकी होती, बाबा."

गुरुजींना समजलं. एखादी गोष्ट इतक्या लवकर समजल्याचा त्यांना उभ्या जन्मात पहिल्यांदा राग आला.

"तुझ्या आईला सांगू नको."

उज्वला म्हणाली, पेपरात येणारच आहे. चौकातला फोटोही उतरवावा लागेल. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं. बोलता बोलता ती थांबली.

सिंधुताई दारात उभ्या होत्या. लेक आल्याचं कळून लाह्यांची ताटली घेऊन आलेल्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. अवघड ते सोपं करून सांगण्यात गुरुजींची हयात गेली होती. त्यांनी तोंड उघडलं, पण एकही दाखला सुचेना.

"मंग ती एकलीच फिरायली व्हती?" सिंधुताईंनी विचारलं.

"हो, आई."

"आन् पडली कशी न्हाई?"

बाहेर मुली काकूंना हाका मारत होत्या. उज्वलाने बॅग खाली टाकली आणि दोन्ही हात पुढे केले.

"चल आई. आपण दोघी खेळू."

सिंधुताई त्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्या हातांत लाह्यांची ताटली ठेवली आणि त्या आत निघून गेल्या.